सिंहस्थाच्या वर्षीचा पीसी: आधी कार्ड बदलावं की प्रोसेसर?

आमच्या घरातला पीसी २०१५ चा, सिंहस्थाच्या वर्षीचा. मी तेव्हा डिप्लोमाला होते. ऑटोकॅडचा सराव घरी करता यावा म्हणून बाबांनी तो नाशिकच्या एम.जी. रोडवरून असेंबल करून आणला होता. इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. पुढच्या वर्षी माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून त्यात जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसलं आणि घरात गेमिंग सुरू झालं. जीटीए ५ मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्याच मशीनवर पूर्ण केला, एक मिशन त्याने, एक मी.

२०२४ च्या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला तेव्हा सेलमध्ये घेतलेला रेड डेड रिडेम्प्शन २ आम्ही त्यावर टाकला. सगळी सेटिंग्ज अगदी खाली आणूनही सेकंदाला २५-२६ फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, वर काही जाईना. घोडा पळायला लागला की झाडं लापशीसारखी दिसायची.

भाऊ म्हणाला, "ताई, कार्ड बदल. बाकी मशीन चांगलं आहे अजून."

ऑफिसमधला एक सहकारी गेमिंगमधला जाणकार. तो बरोबर उलटं म्हणाला. "चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे तुमचा. त्यावर नवं कार्ड टाकलं तर नुसता बॉटलनेक होईल. पैसे वाया जातील."

बोनसमधले १५ हजार मी या कामासाठी बाजूला ठेवले होते. दोघंही ठामपणे बोलत होते, आणि दोघांपैकी कुणीही माझं मशीन गेम चालू असताना मोजून पाहिलेलं नव्हतं. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत काम करते. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हातात असतात. अंदाजाने पार्ट पास केला की पुढे काय होतं हे रोज बघते, त्यामुळे ठरवलं की आधी मोजायचं आणि मग खिशात हात घालायचा.

बॉटलनेक हा शब्द आमच्या लाईनवरही रोज ऐकू येतो. टर्निंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग अशी तीन मशीनं ओळीने असतील तर जे सगळ्यात हळू, त्याच्याच वेगाने माल बाहेर पडतो. गेममध्येही तसंच. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गाडी कशाला धडकली, काय काय काढायचं आहे. ती यादी कार्डकडे जाते आणि कार्ड ते चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. या दोघांपैकी एकाला त्याहून जास्त वेळ लागला की दुसरा हात बांधून बसतो.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले: कार्ड किती टक्के वापरात आहे, कार्डची मेमरी किती भरली, रॅम किती, आणि प्रोसेसरच्या चारही कोअरचे, म्हणजे त्यातल्या चार स्वतंत्र कामकऱ्यांचे, वेगवेगळे टक्के. हे कोअर वेगवेगळे बघणं फार महत्त्वाचं आहे. एकच कोअर १०० टक्क्यांवर अडकलेला असला तरी चौघांची सरासरी ६० दिसू शकते, आणि माणूस समजतो की प्रोसेसर मोकळा आहे. मी आधी एक पूर्ण संध्याकाळ सरासरीकडेच बघत होते.

मग वहीत तक्ता आखला. तीन गेम, प्रत्येकात एक ठरलेली जागा, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. रेड डेडमध्ये कार्ड सतत ९९ टक्के, त्याची २ जीबी मेमरी काठोकाठ भरलेली आणि प्रोसेसर ६५-७० च्या आसपास. व्हॅलोरंटमध्ये कार्ड जेमतेम ६० टक्के आणि प्रोसेसरचे दोन कोअर शंभरीला टेकलेले. जीटीए ५ मध्ये बहुतेक वेळ कार्ड ९९, पण शहरात गाडी जोरात पळवली की कार्ड एकदम ७० वर घसरायचं आणि चारही कोअर भरायचे.

खात्री करायला आणखी एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणायचं. रिझोल्युशन कमी केलं की रंगवायचं काम कमी होतं, म्हणजे कार्डचा भार उतरतो, पण प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. रेड डेडमध्ये २६ चे ४४ झाले. याचा अर्थ अडचण कार्डची. व्हॅलोरंटमध्ये १३० चे १३० च राहिले, म्हणजे तिथे प्रोसेसरची. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, आणि हजारो रुपये खर्च करण्याआधी ती न करणाऱ्यांना बघून मला खरोखर वाईट वाटतं.

व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसर कमी पडत होता खरा, पण माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा. त्यावर १३० फ्रेम आणि २०० फ्रेम यांत मला डोळ्यांनी कळण्यासारखं फारसं काही नव्हतं. मला रेड डेड खेळायचा होता. तेव्हा माझ्यापुरतं उत्तर आलं, आधी कार्ड. दुसरंही एक कारण होतं. कार्ड एकटं बदलता येतं आणि उद्या दुसऱ्या मशीनमध्येही जातं. नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, कारण एच८१ वर डीडीआर३ आहे आणि नवे प्रोसेसर या सॉकेटवर बसतच नाहीत. आय३-१२१००एफ, त्याचा बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ असं मिळून दुकानात १८ हजारांच्या आसपास सांगत होते, आणि एवढं करूनही रंगवायला तेच ७५० टीआय राहिलं असतं.

कोणतं कार्ड, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा खोल निघाला. एच८१ बोर्डवर कार्ड बसतं तो स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० या जुन्या पिढीचा आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे नवं कार्ड माझ्या बजेटजवळ येत होतं, पण ते स्लॉटच्या सोळांपैकी फक्त चार लेन, म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा, वापरतं. ४.० च्या बोर्डवर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, माझ्या २.० च्या बोर्डवर त्याच चार लेनमधून फक्त २ जीबी. त्यात कार्डची मेमरी ४ जीबीची. ती भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धाव घेणार आणि रस्ता मात्र गल्लीएवढा. नवं कार्ड जुन्या मशीनमध्ये जास्त हळू चालू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सोळाही लेन वापरणारं कार्ड हवं, ६ जीबी किंवा जास्त मेमरीचं हवं, एवढं नक्की करून मी जीटीएक्स १६६० सुपरवर आले. ते २०१९ चं, म्हणजे मिळणार ते वापरलेलंच.

वापरलेलं कार्ड घ्यायचं म्हटलं की माइनिंगची, म्हणजे ते क्रिप्टोचलन कमावायला राबवलेलं असण्याची, भीती असते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं माइनिंग बंद झालं. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डं मोठ्या संख्येने बाजारात आली. अशी सगळीच वाईट नसतात, पण पंखे झिजलेले आणि थर्मल पॅड सुकलेले असण्याची शक्यता धरूनच चालावं.

एम.जी. रोडवर पहिल्या दुकानात मला आरएक्स ५८० दाखवलं, ८ जीबी, किंमत चांगली. मी पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड हे कार्डची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर नेलं होतं. त्यांच्या मशीनवर ते चालवलं तर शेडरचा, म्हणजे कार्डमधल्या छोट्या कोअरचा, आकडा २०४८ दिसला. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ वाला प्रकार नावाने ५८० असला तरी आतून ५७० च्या जवळचा. दुकानदाराला हे माहीत नव्हतं असं तो म्हणाला, तसंही असेल. पण किंमत मात्र खऱ्या ५८० ची होती, म्हणून मी परत फिरले.

दोन शनिवारांनी दुसऱ्या दुकानात १६६० सुपर सापडलं, एका बंद झालेल्या गेमिंग कॅफेतलं. हे दुकानदार काका वयाने बाबांएवढे. मी तपासून घेईन म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "बसा ताई, पाहिजे तेवढा वेळ घ्या. खराब माल गेला तर तुम्ही परत माझ्याच दारात येणार."

अर्धा तास बसले. आधी जीपीयू-झेडमध्ये नाव, मेमरी आणि १४०८ हा कोअरचा आकडा जुळवला. मग कार्डवर पूर्ण भार टाकणारं फरमार्क वीस मिनिटं चालवलं. तापमान ७४ ला स्थिर राहिलं, स्क्रीनवर ठिपके किंवा रंगीत चौकोन आले नाहीत, पंख्यात खरखर नव्हती. ८,५०० ला ठरलं आणि काकांनी पंधरा दिवसांत बदलून देण्याचं बिलावर लिहून दिलं. वापरलेल्या मालाला तोंडी शब्दापेक्षा ही ओळ फार मोलाची.

आता वीज. कॅबिनेटसोबत आलेल्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेलं होतं, पण कार्डला लागणारा आठ पिनचा कनेक्टर त्याला नव्हताच. ७५० टीआय ६० वॅटचं, स्लॉटमधूनच वीज घ्यायचं. १६६० सुपर १२५ वॅटचं. दोनशे रुपयांचा अॅडॉप्टर लावून काम भागेल असं सांगणारे भेटले. मी तसं केलं नाही आणि कुणी करू नये असं मनापासून सांगते. हलका सप्लाय जळताना एकटा जळत नाही. ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा नवा सप्लाय ३,९०० ला घेतला.

जुन्या कार्डला व्हीजीए पोर्ट होता आणि मॉनिटर त्याच केबलवर चालायचा. नव्या कार्डला व्हीजीए नाही. मॉनिटरला मागे डीव्हीआय होतं म्हणून एचडीएमआय ते डीव्हीआय केबल २५० ला आणली. यूपीएसनेही त्रास दिला. आमच्या सिडकोत मे महिन्यात आणि पहिल्या पावसात वीज हमखास जाते. नव्या कार्डसह गेम चालू असताना वीज गेली की ६०० व्हीएचा तो जुना यूपीएस एक शिट्टी मारून मशीन बंद करायचा. बॅटरी बदलल्यावर निदान सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळू लागला.

कार्ड बसवणं दहा मिनिटांचं काम. जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, स्लॉटची खिट्टी दाबून जुनं काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळला.

आणि रेड डेड सुरू केला. बर्फातली सुरुवातीची वाट, मध्यम सेटिंग्ज, ५८ ते ६० फ्रेम. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती. मी भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन स्क्रीनसमोर धरला, आणि आम्ही दोघं पाच मिनिटं नुसता घोडा चालवत होतो.

पुढच्या आठवड्यात गोष्ट सेंट डेनिसला पोचली. हे गेममधलं सगळ्यात मोठं शहर, रस्त्यावर माणसं, ट्राम, घोडागाड्या. तिथे पाऊल टाकलं आणि गचके सुरू. सरासरी ५४ दाखवत होती, पण दर काही सेकंदांनी चित्र अर्धा क्षण थिजायचं. कोपऱ्यातले आकडे बघितले तर कार्ड ६५ टक्के आणि चारही कोअर १००. ग्राइंडिंगची गर्दी सुटली होती आणि माल आता टर्निंगवर तुंबला होता. सहकारी म्हणाला होता तेही खोटं नव्हतं. फक्त ते प्रत्येक ठिकाणी खरं नव्हतं.

इथे मला सरासरीचा धोका दुसऱ्यांदा कळला. सरासरी ५४ असूनही मधल्याच काही फ्रेमना ७०-८० मिलिसेकंद लागत होते. डोळ्याला तोच गचका जाणवतो. म्हणून सगळ्यात हळू असलेल्या एक टक्का फ्रेमचा आकडा वेगळा काढतात, त्याला १ टक्का लो म्हणतात. माझा होता १९. कारखान्यात शंभरातले नव्याण्णव पार्ट बरोबर असले तरी ग्राहक परत पाठवतो तो उरलेल्या एकासाठी.

लगेच खर्च केला नाही. आधी फुकटातले उपाय. प्रोसेसरवरचा पंखा उघडला तर खाली धुळीची गादी आणि थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर तापमान ८६ वरून ६९ वर आलं. गचके मात्र गेले नाहीत, म्हणजे प्रोसेसर गरम होऊन मंदावत होता असं नव्हतं. मग आफ्टरबर्नरसोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमची मर्यादा ५० वर बांधली. प्रोसेसरला थोडी उसंत मिळाली, गचके जरा कमी झाले. जीटीए ५ मध्ये लोकांची आणि गाड्यांची गर्दी, तसंच दूरचं दिसण्याचं अंतर ही सेटिंग्ज खाली आणली. ती प्रोसेसरवर भार टाकणारी आहेत. सावल्या आणि टेक्श्चर तशाच ठेवल्या, कारण कार्डकडे आता ताकद शिल्लक होती.

मग रॅमचा आकडा नीट पाहिला. ८ पैकी ७.६ जीबी भरलेली, आणि उरलेला डेटा हार्ड डिस्कवर ये-जा करत होता. रेड डेडच्या शिफारशीत १२ जीबी रॅम लिहिलेली आहे, ती मी वाचलीच नव्हती. ८ जीबीची दुसरी पट्टी ९०० ला मिळाली. दोन पट्ट्या झाल्या की रॅम दुहेरी चॅनेलमध्ये चालते, प्रोसेसरला डेटा लवकर मिळतो. सोबत ५१२ जीबीची साटा एसएसडी २,८०० ला घेऊन विंडोज आणि गेम तिच्यावर हलवले. १ टक्का लो १९ वरून २९ वर गेला. प्रोसेसर तोच, कार्ड तेच. "कार्ड की प्रोसेसर" असं विचारताना या दोन वस्तू माझ्या डोक्यातच नव्हत्या.

त्याच शिफारशीत प्रोसेसरच्या जागी आय७-४७७०के लिहिलेला होता. माझ्या मदरबोर्डचाच सॉकेट, ११५०! म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी सांगितलेला प्रोसेसर बोर्ड न बदलता बसू शकत होता. आय५-४४६० ला चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), वेग जास्तीत जास्त ३.४ गिगाहर्ट्झ. आय७-४७९० ला चार कोअर, आठ थ्रेड, वेग ४ पर्यंत. वीज दोघांनाही ८४ वॅट. आय५-४४६० हा स्वतः ४७९० सारखाच हॅसवेल रिफ्रेश या गटातला, त्यामुळे तो चालवणारा बोर्ड ४७९० लाही ओळखणार, बायोस, म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, बदलण्याची गरज नाही. फेब्रुवारीत काकांचा फोन आला, एका ऑफिसचे जुने पीसी आले आहेत, त्यात तुमचा प्रोसेसर आहे. ४,२०० रुपये.

या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसून बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली तरी बोर्ड गेला. म्हणून त्या रात्री जेवणं झाल्यावर, दार लावून, दिव्याखाली शांतपणे बसले. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवला, दाबला नाही. खटका बंद केला, वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा. पंख्याच्या चार खुंट्या कर्णाकर्णाने दाबल्या आणि प्रत्येकीचा टक आवाज ऐकला. बायोसमध्ये आय७ नाव दिसेपर्यंत श्वास रोखलेला होता.

त्याच रस्त्याने, त्याच वेळी, सेंट डेनिस. फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली, सरासरी ५९, १ टक्का लो ४१. ट्राम समोरून गेली आणि चित्र थिजलं नाही. वहीत तो आकडा मी लाल पेनाने लिहिला आहे.

सगळा हिशेब २२ हजारांपर्यंत गेला, ठरवलेल्या पंधराच्या बराच पुढे, पण चार महिन्यांत विभागून. ७५० टीआय आणि आय५ विकून अडीच हजार परत आले. हे मशीन आता याहून पुढे जाणार नाही हेही मला माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत चालवीन. नंतर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम जातील. कार्ड, पॉवर सप्लाय आणि एसएसडी पुढच्या मशीनमध्ये येतील. आय७ आणि रॅमवरचे ५,१०० तेवढे मागे राहतील, आणि एका संपूर्ण गेमसाठी मला ते जास्त वाटत नाहीत.

मागच्या महिन्यात भावाचा फोन आला. त्याच्या रूममेटकडे आय५-८४०० आणि जीटीएक्स १०५० टीआय आहे, त्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय. "ताई, त्याला कार्डच सांगू ना?" मी म्हटलं, आधी सहाही कोअरचे आकडे पाठवायला सांग, आणि तो काय खेळतो ते विचार. तो फक्त व्हॅलोरंट खेळतो. सामन्यात कार्ड ७० टक्के, दोन कोअर शंभरावर, ७२० वर आणून फ्रेममध्ये काडीचा फरक नाही. त्याला मी प्रोसेसर सांगितला. त्याच बोर्डवर आय७-८७०० बसतो, सहा कोअर, बारा थ्रेड. पुण्यात अजून मिळालेला नाही, म्हणून एम.जी. रोडच्या काकांकडेही सांगून ठेवलंय.